रॅपन्झेल युकॅलिप्टसच्या रानात

ब्रिस्बेनच्या ‘गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये २ डिसेंबर २०२३ ते २८ एप्रिल २०२४ असे जवळपास पाच महिने ‘फेअरी टेल्स’ नावाचं प्रदर्शन चाललं. नाव ऐकून वाटावं, सुट्टीत पोराबाळांना घेऊन जायची जागा. मुलं गेलीही, पण मांडणी मोठ्यांना समोर ठेवून केलेली होती. ब्राझीलच्या हेन्रिक ऑलिव्हेराने वेड्यावाकड्या फांद्यांचं अजस्र लाकडी झाड दालनात शिरवलं होतं. ‘लॅबिरिंथ’, ‘मिरर मिरर’ अशा सिनेमांतले पोशाख होते, आणि परीकथेत सत्ता कुणाच्या हाती असते हा प्रश्न भिंतीभिंतीवर होता. त्याआधी २०१७-१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या इयन पॉटर संग्रहालयानेही याच विषयावर प्रदर्शन भरवलं होतं.

ऑस्ट्रेलियात हे अचानक घडलेलं नाही. सिंड्रेला, रॅपन्झेल, हिमगौरी या साऱ्याजणी तिथे जहाजातून आल्या, आणि ज्या भूमीवर उतरल्या तिथे हजारो वर्षांच्या गोष्टी आधीच नांदत होत्या. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिथले कादंबरीकार, चित्रकार, दिग्दर्शक परीकथेकडे वळले ते बालपणात रमायला कमी आणि जुना हिशेब तपासायला जास्त. गोष्टीतून काय कापलं गेलं, कुणाचं नाव गाळलं गेलं आणि हे रान नेमकं कुणाचं, हे प्रश्न तिथल्या चांगल्या पुनर्कथनांतून पुन्हा पुन्हा वर येतात.

मुळात या गोष्टी मोठ्यांच्याच

परीकथा म्हणजे बालवाङ्मय ही समजूत फार जुनी नाही. इटलीच्या जांबातिस्ता बासिलेचा कथासंग्रह १६३०च्या दशकात छापला गेला तो दरबारी मंडळींसाठी. त्यातली ‘पेत्रोसिनेल्ला’ ही रॅपन्झेलची पूर्वज. पुढे १६९०च्या दशकात पॅरिसच्या उमराव बायकांनी आपल्या दिवाणखान्यांतल्या बैठकींत परीकथांची फॅशनच आणली. त्यात ठरवून लावलेली लग्नं, राजाची मर्जी, स्त्रीची कोंडी हे सगळं आडवळणाने बोलता येत होतं.

ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ मध्ये आला तेव्हाही तो अभ्यासकांच्या थाटाचा होता. त्यातली रॅपन्झेल चेटकिणीला भाबडेपणाने विचारते, की हल्ली माझे कपडे मला घट्ट का होऊ लागलेत? राजपुत्राच्या भेटींचा परिणाम वाचकाच्या लगेच ध्यानात येतो. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागलं तशी पुढच्या आवृत्त्यांत ही ओळ गेली. हिमगौरीला मारू पाहणारी सख्खी आई सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही तेच झालं. म्हणजे आजच्या लेखकांनी परीकथेत ‘मोठ्यांचे’ विषय घुसडले असं म्हणणं उलटं आहे. ते आधी होते, मागून काढले गेले.

जहाजातून आलेल्या पऱ्या

ऑस्ट्रेलियात वसलेल्या ब्रिटिशांना नवं रान परकं वाटायचं. युरोपातलं ओक-बीचचं जंगल घनदाट, सावलीचं. वाट चुकायला, चेटकिणीचं घर लपायला सोयीचं. युकॅलिप्टसची पानं मात्र खाली लोंबतात, त्यामुळे ऊन झाडातून आरपार जमिनीवर येतं. लांडगा नाही, अस्वल नाही, नाताळ भर उन्हाळ्यात. तिथे भीती काळोखाची नव्हती. भीती होती ती वणव्याची, तहानेची आणि दिशा न कळण्याची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही लेखकांनी या रानात युरोपच्या पऱ्या आणून सोडल्या. ॲथा वेस्टबरीचं ‘ऑस्ट्रेलियन फेअरी टेल्स’ १८९७चं. ऐडा रेंटूल औथवेटचं देखणं चित्रमय पुस्तक ‘एल्व्हज अँड फेअरीज’ १९१६ मध्ये आलं. त्यात कोआला आणि पऱ्या एकाच फांदीवर मजेत नांदतात. मे गिब्सने १९१८ मध्ये ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ लिहिलं तेव्हा तिने जरा वेगळं केलं. तिने युकॅलिप्टसच्या फळांतून बाळं घडवली आणि बँक्सियाच्या झाडाच्या खडबडीत बोंडांतून खलनायक. तिथल्या कित्येक पिढ्यांना बँक्सियाचं झाड बघून लहानपणी धडकी भरायची.

मेलबर्नच्या फिट्झरॉय बागेत या काळाची एक खूण आजही बघता येते. शिल्पकार ओला कोहन हिने १९३१ ते १९३४ या काळात रेड गमच्या एका जुन्या खोडावर पऱ्या, बुटके आणि तिथले प्राणीपक्षी कोरले. खोड तीनशेहून अधिक वर्षांचं, म्हणजे ब्रिटिश येण्याच्या कितीतरी आधीपासून उभं असलेलं. बारकाईने पाहिलं तर कांगारू, कोआला, पोसम आहेत, टोकदार कानांचे युरोपी बुटके आहेत. ज्यांच्या भूमीवर हे झाड वाढलं ती माणसं मात्र परीकथांच्या या सगळ्या लाटेत एक तर दिसत नाहीत, किंवा दिसली तर कडेला. रानात पऱ्या राहतात म्हटलं, की तिथे पूर्वी कोण राहत होतं हा प्रश्न विचारायला नको. आजचे लेखक बोट ठेवतात ते इथेच.

सिडनीचा जेकब्स आणि दख्खनची ॲना

इंग्रजी परीकथांचा सर्वांत गाजलेला संकलक ऑस्ट्रेलियात जन्मला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जोसेफ जेकब्स १८५४ मध्ये सिडनीत जन्मला, शिकायला इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. १८९०च्या त्याच्या ‘इंग्लिश फेअरी टेल्स’मधून ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ आणि ‘तीन छोटी डुकरं’ जगभर पोचली. जॅकची गोष्ट आपण ऑस्ट्रेलियात १८६०च्या सुमारास लहानपणी ऐकली तशी दिली आहे, अशी नोंद त्याने स्वतःच केली आहे. म्हणजे जगाने अस्सल इंग्लिश मानलेल्या गोष्टीची ही प्रत पाच-सहा वर्षांच्या सिडनीकर पोराच्या आठवणीतून आली.

याच जेकब्सने १८९२ मध्ये ‘इंडियन फेअरी टेल्स’ काढलं, आणि इथे आपला थेट संबंध येतो. त्यातली ‘पंचकिन’ ही गोष्ट, म्हणजे जादूगाराचा जीव दूरच्या पोपटात ठेवलेला असतो ती, मेरी फ्रिअरच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या १८६८च्या पुस्तकातून घेतलेली आहे. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिने या गोष्टी आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्या तोंडून ऐकून उतरवून घेतल्या. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्यात ख्रिस्ती झालेलं. जेकब्सने पुस्तकाच्या शेवटच्या टिपांमध्ये तिचा उल्लेख केला आहे; मुखपृष्ठावर अर्थातच त्याचं स्वतःचं नाव आहे.

सांगणारी आया टिपांत आणि लिहून घेणारा मुखपृष्ठावर, ही वाटणी त्या काळात सगळीकडेच होती. ऑस्ट्रेलियात तिचे परिणाम जास्त खोल गेले; त्याकडे पुढे वळूच.

हरवलेलं मूल, पळवलेलं मूल

ऑस्ट्रेलियाने स्वतःची म्हणावी अशी एक परीकथा घडवली असेल, तर ती रानात हरवलेल्या मुलाची. ऑगस्ट १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शमजवळ डफ कुटुंबातली तीन भावंडं, आयझॅक, जेन आणि लहानगा फ्रँक, रानात गेली ती परतलीच नाहीत. गोऱ्या मंडळींनी शोध घेतला, पाऊस पडला, माग पुसला गेला. अखेर मूलनिवासी माग काढणाऱ्यांना बोलावलं. मोडलेली काडी, दबलेलं गवत यावरून त्यांनी वाट शोधली आणि नवव्या दिवशी मुलं जिवंत सापडली. सात वर्षांच्या जेनने आपला झगा काढून धाकट्याला पांघरला होता. तिची गोष्ट पुढे शाळेच्या पुस्तकांत गेली आणि ती देशाची लाडकी झाली.

माग काढणाऱ्यांपैकी एकाला गोरे लोक डिक-अ-डिक म्हणत. क्रिकेटवेड्या वाचकांना हे नाव कदाचित माहीत असेल. १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ मूलनिवासी खेळाडूंचा होता, आणि त्यात तो होता.

फ्रेडरिक मकबिनने १८८६ मध्ये ‘लॉस्ट’ हे चित्र काढलं. विरळ झाडोऱ्यात एक मुलगी एकटी उभी. जोन लिंडसेच्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ या १९६७च्या कादंबरीत शाळेच्या सहलीतल्या मुली आणि एक शिक्षिका खडकांत दिसेनाशा होतात. पीटर वीअरने १९७५ मध्ये तिच्यावर सिनेमा काढला. कादंबरी आणि सिनेमा दोन्ही ‘काय झालं’ ते सांगतच नाहीत. ग्रिमच्या जंगलातून बाहेर पडता येतं, या खडकातून येत नाही. समीक्षक पीटर पिअर्स यांनी १९९९ मध्ये ‘द कंट्री ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’ या ग्रंथात या ध्यासाचा सविस्तर मागोवा घेतला: आपण इथले आहोत की नाही ही वसाहतकारांच्या मनातली धाकधूक हरवलेल्या मुलाच्या रूपाने बाहेर पडते.

या कथेची दुसरी बाजू उशिरा उजेडात आली. विसाव्या शतकात कितीतरी दशकं सरकारनेच मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये ठेवलं. त्याचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला आणि पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. डोरिस पिल्किंग्टन गरिमारा यांचं ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ हे १९९६चं पुस्तक त्यांच्या आईची हकीकत सांगतं. १९३१ मध्ये तिच्यासह तीन मुली संस्थेतून पळाल्या आणि सशांना अडवायला घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेने घराकडे चालत निघाल्या. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. हॅन्सेल-ग्रेटेलने टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनी खाल्ले. या मुलींना सरकारी कुंपणानेच घरची वाट दाखवली. हे पुस्तक परीकथा नाही, पण ते वाचल्यावर ‘मूल रानात हरवतं’ ही कथा पूर्वीसारखी निरागस राहत नाही.

कादंबरीतली पुनर्कथनं

या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं नाव केट फोर्सिथ. लहानपणी कुत्र्याच्या हल्ल्यात त्या जबर जखमी झाल्या, डोळ्याच्या अश्रुनलिकेला इजा झाली आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथेच ग्रिमच्या कथा हाती आल्या. रॅपन्झेलचे अश्रू राजपुत्राचे आंधळे डोळे बरे करतात, ही गोष्ट त्या मुलीला का धरून बसली असेल हे सांगायला नको. त्यांनी पुढे याच गोष्टीवर डॉक्टरेट केली.

त्यांच्या ‘बिटर ग्रीन्स’ (२०१२) या कादंबरीत तीन बायका आहेत. पहिली शार्लोट-रोज द ला फोर्स ही खरीखुरी फ्रेंच लेखिका. चौदाव्या लुईने तिला मठात धाडलं होतं, आणि रॅपन्झेलचं फ्रेंच रूप तिच्याच लेखणीतून उतरलं. दुसरी मनोऱ्यात कोंडलेली मुलगी आणि तिसरी तिला कोंडणारी व्हेनिसची चेटकीण. मठात, मनोऱ्यात आणि स्वतःच्या वैरात अशा तिघी कोंडलेल्या. चेटकिणीलाही भूतकाळ मिळतो. तिचं वागणं माफ होत नाही, पण कळतं.

‘द वाइल्ड गर्ल’ (२०१३) ही त्यांची पुढची कादंबरी डोर्टशेन व्हिल्डवर आहे. कासेल गावात ग्रिम बंधूंच्या शेजारच्या औषधविक्याची ही मुलगी. तिने विल्हेल्मला कितीतरी गोष्टी सांगितल्या आणि १८२५ मध्ये त्याच्याशी लग्न केलं. गोष्टी सांगणाऱ्या मुलीच्या घरात काय चाललं असेल, असा प्रश्न फोर्सिथ विचारतात आणि उत्तर तिच्याच गोष्टींत शोधतात. डोर्टशेन आणि आपली ॲना यांचं दुखणं तसं एकच: गोष्ट आपली, पुस्तक दुसऱ्याचं.

मार्गो लॅनागन यांची वाट अधिक काटेरी. ‘टेंडर मॉर्सल्स’ (२००८) ही ‘हिमगौरी आणि गुलाबलाली’ या ग्रिमच्या कथेवर बेतलेली कादंबरी. तिला २००९चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार विभागून मिळाला. लिगा नावाच्या मुलीवर भयानक अत्याचार होतात आणि तिला एक जादूचं सुरक्षित जग बहाल होतं, जिथे कुणी दुखावत नाही. त्या जगात ती दोन मुली वाढवते. पण मुलींना खरं जग नाकारायचा अधिकार आईला आहे का? पुस्तक या प्रश्नाला सोपं उत्तर देत नाही. ‘सी हार्ट्स’ (२०१२) मध्ये त्यांनी सीलचं कातडं उतरवून बाई होणाऱ्या समुद्रकन्यांची लोककथा घेतली. बेटावरचे पुरुष कातडी लपवतात आणि बायका परत जाऊ शकत नाहीत. पुरुष प्रेमळ आहेत, मुलं गोड आहेत, आणि घराघरात एक कैदी आहे.

ब्रिस्बेनच्या अँजेला स्लॅटर यांनी ‘सावरडो अँड अदर स्टोरीज’ (२०१०) आणि ‘द बिटरवुड बायबल’ (२०१४) या संग्रहांत पाव भाजणारे, शवपेट्या बनवणारे, ग्रंथांच्या नकला करणारे अशा कारागिरांचं आख्खं परीकथेचं गाव वसवलं. दुसऱ्या संग्रहाला २०१५चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार विभागून मिळाला.

या सर्वांपेक्षा अस्सल ऑस्ट्रेलियन मातीतली पुनर्कल्पना हवी असेल तर मरे बेल यांची ‘युकॅलिप्टस’ (१९९८) वाचावी. न्यू साउथ वेल्समधला हॉलंड नावाचा जमीनदार आपल्या शेतावर युकॅलिप्टसच्या शेकडो जाती लावतो आणि पण लावतो: जो प्रत्येक झाडाचं नाव बरोबर सांगेल त्यालाच मुलगी एलन देईन. मिस्टर केव्ह नावाचा झाडांचा जाणकार एकेक नाव अचूक सांगत सुटतो, आणि एलन आजारी पडते. दरम्यान एक अनोळखी तरुण तिला झाडाखाली भेटतो आणि नावं सांगण्याऐवजी गोष्टी सांगतो. राजकन्येच्या स्वयंवराचा जुना सांगाडा, त्यावर वनस्पतिशास्त्र, आणि मधोमध हा वाद, की एखाद्या गोष्टीचं नाव ठाऊक असलं म्हणजे ती आपली होते का? नावं ठोकूनच जो देश ताब्यात घेतला गेला तिथे हा प्रश्न साधा राहत नाही. कादंबरीला १९९९चा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये तिच्यावर ऑपेराही आला.

माती, प्लॅस्टिसिन आणि पडदा

शॉन टॅन यांचं ‘द सिंगिंग बोन्स’ (२०१५) हे पुस्तक परीकथा पुन्हा सांगतच नाही. ग्रिमच्या पंचाहत्तर कथांतला एकेक छोटा उतारा, आणि समोरच्या पानावर त्या कथेचं शिल्प. शिल्पं कागदाचा लगदा, माती अशा साध्या साहित्याची. चेहऱ्यांवर तपशील जवळजवळ नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. तपशील नसल्यामुळे प्रकाश आणि सावली यांनाच अभिनय करावा लागतो. एखादी आकृती नुसती वाकलेली असते, आणि ती दयेने वाकली की कपटाने हे बघणाऱ्याने ठरवायचं.

मेलबर्नच्या प्रदर्शनात असलेल्या अमांडा मारबर्ग यांची रीत और आहे. त्या आधी प्लॅस्टिसिनची बाहुली करतात, तिचा फोटो काढतात आणि त्या फोटोवरून तैलचित्र रंगवतात. ग्रिममधले सर्वांत क्रूर प्रसंग असे गुळगुळीत, खेळण्यासारखे समोर येतात आणि हसू येता येता थांबतं. त्याच प्रदर्शनात ट्रेसी मॉफट यांची ‘इन्व्होकेशन्स’ (२०००) ही चित्रमालिका होती; तीत रानात भेदरलेली एक मुलगी आहे. मूलनिवासी वंशाच्या मॉफट २०१७ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकीत ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी होत्या. पॅट्रिशिया पिचिनिनीही मेलबर्नच्या त्या प्रदर्शनात होत्या. सिलिकोन आणि खऱ्या केसांनी घडवलेले त्यांचे अर्धमानवी जीव ‘राक्षस’ म्हणावेत इतके विचित्र असतात आणि कुशीत घ्यावेत इतके हळवे.

सिनेमानेही हात दिला. ज्युलिया ली यांचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ (२०११) कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. त्यातली विद्यार्थिनी पैशांसाठी गुंगीचं औषध घेऊन झोपते आणि आपल्याशी काय केलं गेलं हे तिला कळत नाही. जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’ (२०१४) मध्ये राक्षस येतो तो मुलांच्या चित्रमय पुस्तकातून, पण तो असतो आईच्या दुःखाचा. शेवटी तो मरत नाही. त्याला तळघरात ठेवून खाऊपिऊ घालावं लागतं. ‘मॅड मॅक्स’वाल्या जॉर्ज मिलर यांनी २०२२ मध्ये ‘थ्री थाउजंड इयर्स ऑफ लाँगिंग’ काढला. त्यात तीन इच्छा पुऱ्या करायला आलेल्या जिनसमोर बसलेली बाई स्वतः कथांची अभ्यासक असते. तिला माहीत आहे, की इच्छांच्या गोष्टींचा शेवट गोड होत नाही.

ज्या गोष्टींना परीकथा म्हणू नये

ऑस्ट्रेलियात माणसाचा वावर किमान पासष्ट हजार वर्षांचा मानतात, आणि ब्रिटिश आले तेव्हा तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. त्या समाजांच्या कथांत कायदा असतो, पाण्याच्या जागा असतात, नाती असतात. कोणती कथा कुणी, कुठे, कुणाला सांगायची याचे नियम असतात. त्यांना परीकथा म्हणणं म्हणजे कुणाच्या धर्मग्रंथाला मनोरंजन म्हणणं.

पण तेच झालं. के. लँगलोह पार्कर या गोऱ्या बाईंनी नॅरन नदीकाठच्या युआलारे लोकांकडून ऐकलेल्या कथा १८९६ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन लेजेंडरी टेल्स’ या नावाने छापल्या. त्यांनी त्या आस्थेने गोळा केल्या. लहानपणी नदीत बुडताना त्यांना एका मूलनिवासी मुलीने वाचवलं होतं. तरी पुस्तकातली रेखाटनं ज्याची, त्या टॉमी मक्रे या मूलनिवासी चित्रकाराचं नाव त्यात नव्हतं. तो तर दूरच्या मरे नदीकाठचा. या कथांशी त्याचा संबंधही नव्हता. गोऱ्या वाचकाला सगळे मूलनिवासी एकच.

डेव्हिड युनायपॉन यांची हकीकत याहून बोचरी. हे नगारिंजेरी समाजाचे लेखक, संशोधक, वक्ते. १९२०च्या दशकात त्यांनी आपल्या आणि इतर समाजांच्या कथा लिहून काढल्या. हस्तलिखित विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरच्या हाती गेलं आणि १९३० मध्ये ते स्मिथच्या नावावर प्रसिद्ध झालं. युनायपॉन यांचं नाव लेखक म्हणून छापलं गेलं ते २००१च्या आवृत्तीत, त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. गंमत अशी, की १९९५पासून त्यांचा चेहरा पन्नास डॉलरच्या नोटेवर होता. देशाने नोटेवर छापलेल्या माणसाचं पुस्तक परत त्याच्या नावावर व्हायला आणखी सहा वर्षं लागली.

या अनुभवातून आता काही संकेत रुळले आहेत. तिथल्या राष्ट्रीय कला परिषदेने मूलनिवासींच्या सांस्कृतिक मालमत्तेच्या वापराबद्दल मार्गदर्शक नियमावल्या काढल्या आहेत: संबंधित समाजाची संमती घ्या, श्रेय द्या, लाभात वाटा द्या. म्हणून आज जबाबदार गोरा लेखक रॅपन्झेलला युकॅलिप्टसच्या रानात आणतो, पण त्या रानाच्या मूळ कथा आपल्या म्हणून सांगायला धजत नाही.

उलट दिशेचा प्रवास मात्र खुला आहे. वान्यी समाजाच्या अलेक्सिस राइट यांनी ‘द स्वान बुक’ (२०१३) मध्ये युरोपच्या परीकथाच ताब्यात घेतल्या. हवामानबदलाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून एक म्हातारी निर्वासित येते आणि पांढऱ्या हंसांच्या कथा सांगत राहते. ऐकणारी मूक मुलगी ऑब्लिव्हिया अत्याचारानंतर युकॅलिप्टसच्या ढोलीत दडलेली होती, आणि तिच्याकडे येतात ते तिथले काळे हंस. इथे जहाजातून आलेल्या गोष्टीला पहिल्यांदाच यजमानापुढे उभं राहावं लागतं.

गोष्टींची मंडळी आणि काही आक्षेप

या सगळ्याला जोडणारी एक संस्थाही आहे. ‘ऑस्ट्रेलियन फेअरी टेल सोसायटी’ची पहिली परिषद २०१४ मध्ये सिडनीत झाली. लेखक, कथाकथनकार, चित्रकार, प्राध्यापक आणि हौशी वाचक अशी सरमिसळ तिथे असते. ठिकठिकाणचे सभासद छोट्या मंडळांत जमतात, एकच कथा ठरवतात आणि तिची वेगवेगळी रूपं घेऊन खल करतात. संस्थेचा ‘साउथ ऑफ द सन’ हा नव्या ऑस्ट्रेलियन परीकथांचा संग्रह २०२१ मध्ये आला. त्याआधी २०१३ मध्ये ‘ग्रिफिथ रिव्ह्यू’ या नामांकित नियतकालिकाने परीकथांवर विशेषांक काढला होता. त्याच्या संपादनात कादंबरीकार कार्मेल बर्ड होत्या.

आक्षेपही आहेत, आणि ते रास्त आहेत. पुनर्कथनांचा मोठा भाग अजून युरोपातच घडतो. फोर्सिथच्या मुख्य कादंबऱ्या फ्रान्स, इटली आणि जर्मनीतल्या आहेत. ऑस्ट्रेलियात आज आशियातून आलेल्यांची मोठी लोकसंख्या आहे, पण त्यांच्या घरच्या कथांना या परंपरेत जागा अजून थोडी आहे. अत्याचाराचं वर्णन म्हणजेच ‘मोठ्यांचं’ असा सोपा हिशेबही काही पुस्तकांत दिसतो. आणि दुष्ट राणीला दुःखी बालपण चिकटवलं की पुनर्कल्पना झाली, ही युक्ती एव्हाना झिजली आहे.

सुरुवात कुठून करावी

वेळ कमी असेल तर ‘द सिंगिंग बोन्स’. एका बैठकीत पाहून होतं, मनात मात्र बरेच दिवस राहतं. रंगतदार, लांबलचक कादंबरी हवी असेल तर ‘बिटर ग्रीन्स’. भाषेची आणि झाडांची आवड असेल तर ‘युकॅलिप्टस’. ‘टेंडर मॉर्सल्स’ घेताना सुरुवातीची प्रकरणं सोसायची तयारी ठेवावी. ‘द स्वान बुक’ सर्वांत अवघड, म्हणून शेवटी; घाई केली तर हाती काही लागत नाही. युनायपॉन यांचं पुस्तक २००१च्या आवृत्तीतच घ्यावं.

मराठी वाचकाला आणखी एक वाट आहे. जेकब्सचं ‘इंडियन फेअरी टेल्स’ आणि मेरी फ्रिअरचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ यांच्या स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली आहे आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पोपटातल्या जिवाची गोष्ट दोन्हीकडे ताडून पाहा. ‘ओल्ड डेक्कन डेज’मध्ये गोष्टींच्या आधी ॲनाने सांगितलेली स्वतःची हकीकत दिली आहे: आजीकडून ऐकलेल्या कथा, नवऱ्याचा मृत्यू, पोटासाठी धरलेली नोकरी. पोपटाची गोष्ट शोधायच्या घाईत ती पानं ओलांडू नका.